पैसा, सत्ता आणि माध्यमं: फ्रेंच इतिहासकार जाँ-नोएल जानने यांची वाटचाल

नीलमोहर

माध्यमांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ, माध्यमं चालवणारेही पुष्कळ. पण आधी इतिहास लिहिला, मग संस्था चालवायला घेतली, पद गेल्यावर पुन्हा इतिहासाकडे वळला आणि या सगळ्यात प्रश्न मात्र एकच धरून ठेवला, अशी माणसं क्वचित. फ्रान्सचे जाँ-नोएल जानने त्यांतले. लोकांपुढे काय यावं हे कोण ठरवतं आणि त्याचे पैसे कोण देतं, हा तो प्रश्न. पत्रकारिता, आकाशवाणी, ग्रंथालयं, इंटरनेट यांबद्दल आपुलकी असणाऱ्या प्रत्येकाने या माणसाची ओळख करून घ्यावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा.

जन्म २ एप्रिल १९४२, ग्रनोब्ल. घराणं राजकारणातलं. आजोबा ज्यूल जानने हे तिसऱ्या प्रजासत्ताकाच्या सिनेटचे शेवटचे अध्यक्ष. फ्रान्स जर्मनीपुढे हरल्यावर १० जुलै १९४० रोजी विशी गावातल्या कॅसिनोत दोन्ही सभागृहांची एकत्र बैठक भरली आणि ५६९ विरुद्ध ८० मतांनी मार्शल पेताँ यांच्या हाती सर्वाधिकार दिले गेले. त्या बैठकीच्या अध्यक्षपदी ज्यूल होते. एक प्रजासत्ताक कायदेशीर मतदानाने स्वतःला संपवतं आणि ते पाहत अध्यक्षाच्या आसनावर बसून राहावं लागतं, ही त्या माणसाची शोकांतिका. त्यांची १९३९ ते १९४२ ची राजकीय रोजनिशी १९७२ मध्ये नातवानेच संपादित करून प्रसिद्ध केली. वडील जाँ-मार्सेल अर्थशास्त्रज्ञ, राष्ट्राध्यक्ष द गॉल यांचे मंत्री, स्वतंत्र अल्जीरियातले फ्रान्सचे पहिले राजदूत. १९६९ मध्ये सिनेटचे अधिकार जवळपास काढून घेणाऱ्या सुधारणेचा मसुदा सांभाळण्याचं काम या वडिलांकडेच आलं. सार्वमतात ती सुधारणा पडली आणि द गॉल यांनी राजीनामा दिला. बाप सिनेटचा अध्यक्ष आणि मुलाच्या टेबलावर सिनेट मोडीत काढायचा कागद! अशा घरात वाढलेल्या मुलाला सत्ता म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावं लागलं नसणार.

शिक्षण एकोल नॉर्माल स्युपेरिअरमध्ये, पुढे प्राध्यापकी पॅरिसच्या सियांस पो या संस्थेत. पण त्यांचं नाव झालं ते फ्राँस्वा द वेंदेल या पोलादसम्राटावरच्या प्रबंधामुळे. तो १९७६ मध्ये पुस्तकरूपाने आला. वेंदेल हे लोरेनमधल्या पोलाद कारखान्यांचे मालक, पोलाद उत्पादकांच्या संघटनेचे अध्यक्ष, खासदार, शिवाय बँक ऑफ फ्रान्सचे एक ‘रेजाँ’, म्हणजे संचालक. ही बँक तेव्हा खाजगी भागधारकांची होती आणि सर्वांत मोठ्या २०० भागधारकांनाच मत देण्याचा अधिकार होता. डाव्यांच्या भाषणांत येणारी ‘दोनशे घराणी’ ती हीच. या वेंदेलच्या खाजगी टिपणवह्या जानने यांना अभ्यासायला मिळाल्या. बंद दाराआड काय बोलणं झालं हे त्या बैठकीत बसलेल्या माणसाच्याच हस्ताक्षरात वाचायला मिळणं, याहून मोठं भाग्य इतिहासकाराच्या वाट्याला काय येणार?

या वह्यांच्या आधारे त्यांनी १९२४ ते १९२६ या काळातल्या डाव्या आघाडीच्या सरकारची घसरण उलगडली. नोटा छापण्याची कायदेशीर मर्यादा ४१ अब्ज फ्रँक होती. ती ओलांडली गेली होती आणि बँकेच्या साप्ताहिक ताळेबंदात ते झाकलं जात होतं. ही गोष्ट संचालकांना कळल्यावर पंतप्रधान एर्यो यांचा गळा त्यांच्या हातात आला. एप्रिल १९२५ मध्ये खरे आकडे बाहेर पडले आणि दुसऱ्याच दिवशी सिनेटने सरकार पाडलं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. जानने स्वतः डाव्या विचारांचे. वेंदेलला सर्वशक्तिमान खलनायक ठरवणं त्यांना सोपं होतं आणि टाळ्याही मिळाल्या असत्या. त्यांनी तसं केलं नाही. चलनाच्या प्रश्नावर या माणसाचा शब्द निर्णायक होता, पण परराष्ट्र धोरणात त्याला कितीदा हात चोळत बसावं लागलं हेही त्यांनी तितक्याच बारकाईने दाखवलं. १९२९ मध्ये वेंदेल आणि कोळसा खाणमालकांनी ‘ल ताँ’ हे प्रतिष्ठित दैनिक गुपचूप ताब्यात घेतलं, तेव्हासुद्धा पैसा लावला म्हणजे वाचकाचं मत विकत मिळालं असं होत नाही, हे ते सांगतात. पैशाची ताकद मोजायची तर तिची हद्दही मोजावी लागते, ही त्यांची शिस्त.

१९७७ मध्ये त्यांनी त्याच डाव्या आघाडीच्या अपयशावर छोटं पुस्तक काढलं आणि शीर्षकातच ते ‘सत्तेतल्या डाव्यांसाठी इतिहासाचा धडा’ असल्याचं सांगितलं. चार वर्षांनी समाजवादी नेते मितराँ राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि धडा देणाऱ्यालाच कामाला लागावं लागलं. १९८२ मध्ये, चाळिशीत, जानने रेडिओ फ्रान्सचे अध्यक्ष झाले. त्याबद्दल आणि नंतरच्या ग्रंथालयाच्या लढाईबद्दल खाली प्रतिसादांत लिहिते, धागा फार लांबतोय.

---

पाथरवट

उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

‘ल ताँ’चा उल्लेख आलाच आहे तर त्याच्या आसपासचं थोडं सांगतो, कारण जानने यांचं मला सर्वांत आवडणारं काम तिथे आहे. १९७५ मध्ये त्यांनी दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या आर्थिक पत्रकारितेच्या विकाऊपणावर एक लेख लिहिला होता. लाच म्हणजे पाकीट, असं आपण समजतो. तिथली पद्धत त्याहून पक्की होती. वृत्तपत्रं आपलं शेअर बाजाराचं पान ठरावीक रकमेला चक्क मक्त्याने देऊन टाकत. मक्तेदार ते पान आपल्या मर्जीने भरायचा आणि ज्या कंपन्यांचे शेअर विकायचे असत त्यांच्याकडून आपली रक्कम नफ्यासकट वसूल करायचा. वाचकाला वाटायचं, आपल्या पेपरचा जाणकार वार्ताहर सल्ला देतोय. त्यात संपादकाला कोणी पैसे देताना दिसायचंच नाही, कारण व्यवहार आधीच, वर्षाच्या कराराने होऊन गेलेला असायचा.

याची आधीची पायरी म्हणजे रशियन कर्जरोखे. झारच्या अर्थखात्याचा पॅरिसमधला माणूस आर्त्यूर राफालोविच फ्रेंच वृत्तपत्रांना वर्षानुवर्षं पैसे वाटत होता, रशियाची पत चांगली आहे असं छापून यावं म्हणून. १९०४-०५ मध्ये जपानशी युद्ध आणि देशात उठाव झाल्यावर तर हा खर्च आणखी वाढला. सामान्य फ्रेंच कुटुंबांनी आयुष्याची पुंजी त्या रोख्यांत घातली. १९१८ मध्ये बोल्शेविकांनी कर्ज नाकारलं आणि ती पुंजी बुडाली. राफालोविचची पत्रं १९२३-२४ मध्ये ‘ल्युमानिते’ या कम्युनिस्ट दैनिकाने छापली तेव्हा कोणत्या पेपरला किती मिळाले ते चव्हाट्यावर आलं.

आपल्याकडे २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर ‘पेड न्यूज’ हा शब्द घरोघर पोचला आणि प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये अहवाल दिला. त्या वेळी बहुतेकांचा सूर ‘हे काय नवीनच’ असा होता. मक्त्याने दिलेल्या पानाचा इतिहास माहीत असता तर आपण योग्य प्रश्न लवकर विचारले असते: करार कुठे होतो आणि वर्षाच्या कुठल्या महिन्यात होतो?

---

तुतारी

लेख आवडला, नीलमोहर ताई. पण एक शंका राहते. इतिहासकार म्हणून हा माणूस मोठा असेलही. रेडिओचा अध्यक्ष तो झाला सरकारच्या कृपेने ना? खाजगी पैशाच्या हातात माध्यम नको, हे मान्य. मग सरकारच्या हातात दिलं की प्रश्न सुटतो का? आपण आकाशवाणीच्या बातम्या ऐकत मोठे झालो आहोत.

---

नीलमोहर

तुतारी, शंका रास्त आहे आणि जानने यांच्या कारकिर्दीतला खरा ताण तिथेच आहे.

२९ जुलै १९८२ च्या कायद्याने फ्रान्समध्ये दृक्-श्राव्य माध्यमांसाठी एक उच्च प्राधिकरण नेमलं गेलं. सदस्य ९: तीन राष्ट्राध्यक्षांनी, तीन सिनेटच्या अध्यक्षांनी आणि तीन राष्ट्रीय सभेच्या अध्यक्षांनी नेमायचे. अध्यक्षपदी पत्रकार मिशेल कोता. सार्वजनिक रेडिओ आणि दूरचित्रवाणीचे प्रमुख या प्राधिकरणाने नेमायचे, मंत्र्याने नाही. द गॉल यांच्या काळात माहिती मंत्री बातम्यांची दिशा ठरवत असत, हे लक्षात घेतलं तर ही उडी केवढी होती ते कळेल. जानने यांची नेमणूक याच प्राधिकरणाने केली. आता मितराँ यांची मर्जी नव्हती असं मी म्हणणार नाही. पण दोर मंत्र्याच्या हातातून सुटला, तो तिथे.

त्याच वेळी दुसऱ्या बाजूने वादळ येत होतं. नोव्हेंबर १९८१ मध्ये खाजगी स्थानिक रेडिओंना परवानगी मिळाली होती. आधी बेकायदा चालणारी हौशी केंद्रं कायदेशीर झाली आणि बघता बघता काही केंद्रं मोठ्या धंद्यात शिरली. डिसेंबर १९८४ मध्ये एनआरजे या केंद्रावर प्राधिकरणाने कारवाई करायची ठरवली, तर त्याचे तरुण श्रोते हजारोंनी पॅरिसच्या रस्त्यावर उतरले. अशा काळात सार्वजनिक रेडिओने काय करायचं? श्रोते टिकवण्यासाठी तेच संगीत, तीच भाषा उचलायची की आपला वेगळेपणा राखायचा? जानने यांनी दुसरी वाट धरली आणि १९८६ च्या पुस्तकात तिची बाजू मांडली. सार्वजनिक सेवा कळपामागे धावायला लागली तर तिच्यासाठी लोकांनी पैसे का द्यावेत, हा त्यांचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो.

१९८६ मध्येच उजवे सत्तेवर आले. प्राधिकरण बरखास्त करून नवं मंडळ आलं आणि जानने यांच्या जागी रोलाँ फोर बसले. म्हणजे तुमची शंका प्रत्यक्षात उतरलीच: सरकार बदललं, खुर्ची बदलली. पुढच्या वर्षी सरकारी दूरचित्रवाणीची पहिली वाहिनी टेएफ-१ बांधकाम सम्राट बुईग यांना विकली गेली. दोन्ही बाजूंचे धोके लागोपाठच्या दोन वर्षांत दिसले, असं म्हणता येईल.

---

मुशाफिर

आपल्याकडे प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, पण अंमल १९९७ मध्ये. मधल्या काळात, १९९५ मध्ये, ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असं सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. १९८२ चा फ्रेंच कायदा नेमणुकीच्या कलमासाठी शेजारी ठेवून वाचायला हवा. स्वायत्ततेची खरी परीक्षा ‘प्रमुख कोण नेमतो’ या एका ओळीत असते.

---

अनघा_को

१९८९ चा विषय राहिलाच की! मी फ्रेंच शिकत असताना आमच्या बाईंनी आम्हाला त्या वर्षीच्या १४ जुलैच्या मिरवणुकीची चित्रफीत दाखवली होती, तेव्हापासून मला या माणसाचं नाव ठाऊक आहे.

राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीसाठी एक मंडळ होतं. पहिले अध्यक्ष मिशेल बारोवाँ १९८७ मध्ये विमान अपघातात गेले. दुसरे एदगार फोर मार्च १९८८ मध्ये वारले. मग जानने यांना बोलावलं गेलं. हातात जेमतेम वर्ष. त्यातही देशात एकमत नव्हतं. क्रांती म्हणजे मानवी हक्क की क्रांती म्हणजे गिलोटिन, वाँदे प्रांतातल्या क्रांतिविरोधकांची कत्तल कोणत्या नावाने ओळखायची, यावर इतिहासकार एकमेकांवर तुटून पडले होते.

आणि तरी जे उभं राहिलं ते विलक्षण होतं. शाँझ-एलिझेवरची मिरवणूक जाँ-पोल गूद यांनी रचली. लष्करी थाट नाही, जगभरचे वादक, नर्तक, ढोल. कृष्णवर्णीय अमेरिकी गायिका जेसी नॉर्मन तिरंगी वस्त्रात ‘मार्सेयेझ’ हे फ्रेंच राष्ट्रगीत गायल्या. त्यासाठी निवडलेली जागा प्लास द ला काँकॉर्द, जिथे गिलोटिन उभी होती. मिरवणुकीत पुढे एक मोठा चिनी ढोल होता, तो कोणी वाजवत नव्हतं. बीजिंगमधल्या तिआनानमेन चौकातल्या रक्तपाताला तेव्हा जेमतेम सहा आठवडे झाले होते. लाखो लोकांच्या गर्दीत एक न वाजणारा ढोल नेणं, याला मी राजकीय विचार म्हणते. डिसेंबरमध्ये धर्मगुरू आबे ग्रेग्वार, विचारवंत काँदोर्से आणि गणितज्ञ मोंज यांना पाँतेआँमध्ये, म्हणजे थोरांच्या राष्ट्रीय स्मारकात, स्थान दिलं. ग्रेग्वार यांनी ज्यूंच्या नागरिकत्वासाठी आणि गुलामगिरी नष्ट व्हावी म्हणून लढा दिला. कुठली क्रांती आठवायची हे या तीन नावांतूनच सांगितलं गेलं.

जाता जाता: त्याच आठवड्यात जी-७ ची बैठक पॅरिसमध्ये होती. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर येण्याआधीच ‘ल माँद’ या फ्रेंच दैनिकाला सांगून बसल्या की मानवी हक्क काही फ्रेंच राज्यक्रांतीपासून सुरू झाले नाहीत. आणि मितराँ यांना भेट काय दिली? क्रांतीतला रक्तपात रंगवणारी डिकन्सची कादंबरी, ‘अ टेल ऑफ टू सिटीज’.

---

नीलमोहर

अनघा, तुझ्या शेवटच्या परिच्छेदाचा धागा पुढे सरळ गूगलपर्यंत जातो!

मधली वर्षं झरझर सांगते. १९९१-९२ मध्ये परदेशी व्यापाराचे राज्यमंत्री, १९९२-९३ मध्ये दळणवळण खात्याचे, म्हणजे माध्यमांचे, राज्यमंत्री. त्या वर्षातली मोठी घटना एकच: खाजगी वाहिनी ‘ला सँक’ दिवाळखोरीत जाऊन एप्रिल १९९२ मध्ये बंद पडली आणि तिची लहर फ्रान्स-जर्मनीच्या संयुक्त सांस्कृतिक वाहिनीला, आर्तेला, मिळाली. धंद्यात बुडालेली जागा सार्वजनिक संस्कृतीच्या वाट्याला येणं हे फार वेळा घडत नाही. १९९३ मध्ये समाजवादी पक्षाचा दणदणीत पराभव झाला आणि जानने पुन्हा लेखनाकडे वळले. १९९६ मध्ये त्यांचा माध्यमांचा इतिहास आला, आरंभापासून आजपर्यंतचा.

२००२ मध्ये ते फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे अध्यक्ष झाले. १४ डिसेंबर २००४ रोजी गूगलने जाहीर केलं की हार्वर्ड, स्टॅनफर्ड, मिशिगन, ऑक्सफर्ड आणि न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालय यांच्यातली दीड कोटी पुस्तकं स्कॅन करणार. जगभर आनंदीआनंद झाला. जानने यांनी जानेवारी २००५ मध्ये ‘ल माँद’मध्ये लेख लिहून धोक्याची घंटा वाजवली आणि काही महिन्यांत त्याचं छोटं पुस्तक केलं.

पुस्तकं स्कॅन होण्याला त्यांचा विरोध नव्हता. त्यांचा प्रश्न क्रमाचा होता. कोट्यवधी पानं पडद्यावर येणार, पण वाचक पहिली दहा बघणार. ती दहा कोण लावणार आणि कशाच्या आधारावर? जाहिरातीवर जगणारी कंपनी, लोकप्रियतेच्या हिशेबाने, मुख्यतः इंग्रजी ग्रंथालयांतून. इथे त्यांनी राज्यक्रांतीचंच उदाहरण घेतलं. केवळ इंग्रजी साठ्यातून शोध घेतला तर ह्यूगोची क्रांतीवरची ‘त्र्याण्णव’ मागे पडणार आणि सरदारांना गिलोटिनपासून वाचवणाऱ्या इंग्रज वीराची ‘स्कार्लेट पिंपर्नेल’ वर येणार. मानवी हक्कांची सनद झाकली जाऊन गिलोटिनच दिसणार. थॅचर यांच्या भेटीच्या पुस्तकाची गोष्ट आठवली की हे उदाहरण हवेतून आलं नव्हतं हे पटतं. १९८९ मध्ये ज्याने वर्षभर या आठवणींच्या लढाईत उभं राहून काम केलं, त्यालाच २००५ मध्ये पहिल्या पानाची किंमत कळली.

राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी मार्चमध्ये त्यांना बोलावून घेतलं, एप्रिलमध्ये सहा देशांच्या प्रमुखांनी युरोपीय संघाला पत्र लिहिलं आणि नोव्हेंबर २००८ मध्ये ‘युरोपियाना’ सुरू झालं. पहिल्याच दिवशी इतकी गर्दी झाली की संकेतस्थळ बंद पडलं. तोवर जानने यांची मुदत संपली होती, २००७ मध्ये.

---

तुतारी

हे सगळं ऐकायला छान आहे, पण एक मराठी वाचक म्हणून सांगतो. माझ्या गावच्या वाचनालयात मिळणार नाहीत अशी एकोणिसाव्या शतकातली मराठी पुस्तकं मला परदेशी कंपनीने आणि परदेशी संस्थांनी स्कॅन केली म्हणूनच दिसली. राष्ट्रीय ग्रंथालयाची थोरवी सांगणाऱ्यांनी आधी पुस्तक लोकांच्या हातात द्यावं. क्रम नंतर लावा. फ्रान्सकडे पैसा होता, त्यामुळे त्यांना तत्त्व परवडलं.

---

जुना ग्रंथपाल

तुतारी, तुमचा राग मला समजतो. आयुष्य ग्रंथालयात गेलं आहे, त्यामुळे दोन्ही बाजू पाहिल्या आहेत.

पुस्तक आधी दिसलं पाहिजे, हे खरंच. पण क्रम नंतर लावू म्हणून जे ढीग आधी केले गेले त्यांची अवस्था सांगतो. सरकारी पैशाने झालेल्या एका मोठ्या स्कॅनिंग प्रकल्पात हजारो मराठी पुस्तकं आहेत. त्यांची नावं रोमन लिपीत, प्रत्येक केंद्राने आपापल्या कानाला जसं ऐकू आलं तसं टंकलेलं. ‘ज्ञानेश्वरी’ शोधायची तर पाच-सहा स्पेलिंगं करून पाहावी लागतात. लेखकाच्या रकान्यात कधी प्रकाशकाचं नाव, कधी ‘नाही’. मधली पानं गायब, काही ठिकाणी स्कॅन करणाऱ्याचा अंगठाच पानावर. पुस्तक जगासाठी खुलं आहे आणि तरी कोणालाच सापडत नाही. जानने ज्याला साठा आणि ग्रंथालय यांच्यातला फरक म्हणतात तो हा. चांगली तालिका करायला माणूस लागतो, त्या भाषेचा, त्या विषयाचा, आणि त्याला पगार लागतो.

फ्रान्सकडे पैसा होता हे मान्य. पण त्यांच्या ग्रंथालयाचं ‘गालिका’ हे डिजिटल दालन १९९७ पासून चालू होतं, गूगलच्या घोषणेच्या सात वर्षं आधी. मुख्यतः ती पानांची चित्रं होती, शब्द शोधता येत नसे, आणि वेग फार कमी होता. गूगलच्या धक्क्यानंतर जानने यांनी तोच साठा शोधता येईल अशा मजकुराच्या स्वरूपात आणि मोठ्या प्रमाणावर आणायचा आग्रह धरला. म्हणजे ‘हळू पण नीट’ आणि ‘भराभर पण कसंही’ यांतला एक पर्याय त्यांनी निवडला नाही, दोन्ही मागितलं. आपल्याकडे राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मिळ मराठी ग्रंथ खुले केले आहेत, ते काम संख्येने लहान असलं तरी मला मोलाचं वाटतं, कारण तिथे पुस्तक पुस्तकाच्या नावाने सापडतं.

आणखी एक. शिवाजी महाराजांच्या हयातीत हिंदुस्थानात फिरलेल्या आबे कारे या फ्रेंच माणसाचं प्रवासवर्णन १६९९ मध्ये पॅरिसला छापलं गेलं. त्यात महाराजांवर मजकूर आहे. अशी फ्रेंच साधनं आपल्या अभ्यासकांना बहुधा इंग्रजी भाषांतरातूनच माहीत असतात. मूळ फ्रेंच मजकूर शोधता येण्यासारखा खुला असणं यात आपलाही स्वार्थ आहे.

---

ल्योनवासी

ल्योनमध्ये राहतो, म्हणून इथली बाजू सांगतो. जानने पदावरून गेल्यानंतर गोष्ट सरळ रेषेत पुढे गेली नाही. २००८ मध्ये आमच्याच शहराच्या नगर ग्रंथालयाने गूगलशी करार केला: ५ लाख जुनी पुस्तकं कंपनी फुकट स्कॅन करणार, बदल्यात व्यापारी वापराचा २५ वर्षांचा एकाधिकार. नगरपालिकेचं म्हणणं होतं, आमच्याजवळ एवढे पैसे नाहीत. २००९ मध्ये खुद्द राष्ट्रीय ग्रंथालय जानने यांच्या जागी आलेल्या ब्रूनो रासीन यांच्या काळात गूगलशी बोलणी करतंय अशी बातमी फुटली आणि मोठा गदारोळ झाला. जानने यांनी जाहीर विरोध केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पॅरिसच्या न्यायालयाने ला मार्तिनिएर प्रकाशनाच्या तक्रारीवरून परवानगीशिवाय पुस्तकं स्कॅन केल्याबद्दल गूगलला दोषी ठरवलं.

आज ल्योनच्या ग्रंथालयाची ती पुस्तकं मी घरबसल्या वाचतो, तेव्हा तुतारींचं म्हणणंही मला पटतं. पण ती २५ वर्षांची अट करारात कशी आली, हे कोणी नगरसेवकाने वेळेवर विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आणि त्यांची खरी ओळख इथल्या लोकांना आहे ती रेडिओमुळे! रेडिओ फ्रान्सच्या ‘फ्रान्स क्युल्त्युर’ या वाहिनीवर शनिवारी सकाळी दहा वाजता ‘काँकॉर्दाँस दे ताँ’, म्हणजे ‘काळांचा मेळ’. सुरुवात १९९९ मध्ये. दर आठवड्याला आजच्या बातमीतला एखादा विषय, साथीचा रोग, खोट्या बातम्या, संसदेतली मारामारी, निर्वासित, आणि त्याच प्रश्नाचं शंभर-दोनशे वर्षांपूर्वीचं रूप. समोर त्या काळाचा अभ्यासक. एकच पाहुणा, जवळपास तासभर, मधे जुनी गाणी आणि संग्रहातले आवाज. जानने कधी पाहुण्यावर कुरघोडी करत नाहीत. फ्रेंच संथ आणि स्वच्छ, त्यामुळे शिकणाऱ्यांनाही कळतं. ज्या संस्थेचे ते कधी काळी अध्यक्ष होते तिथे साधा कार्यक्रम करायला दर शनिवारी यायचं, यात त्यांना काही कमीपणा वाटला नाही, हे मला फार भावतं.

---

मुशाफिर

राजकारणात राहिलेल्या इतिहासकाराच्या निःपक्षपातीपणावर विश्वास कसा ठेवायचा? नीलमोहर, वेंदेलचं उदाहरण पटलं, पण ते १९७६ चं, मंत्री होण्याआधीचं.

---

नीलमोहर

मुशाफिर, दोन गोष्टी सांगते.

एक, मोरिस पापाँ खटला. १९९७-९८ मध्ये बोर्दो इथे पेताँ यांच्या विशी राजवटीतल्या ज्यूंच्या हद्दपारीबद्दल या माजी अधिकाऱ्यावर खटला चालला. इतिहासकारांना साक्षीदार म्हणून बोलावलं गेलं. काही गेले, काहींनी नकार दिला. जानने यांनी १९९८ मध्ये यावर पुस्तक लिहिलं आणि इतिहासकाराने न्यायालयात कसं आणि कुठवर यावं याची काटेकोर चर्चा केली. न्यायालयाला हो किंवा नाही हवं असतं, इतिहासकाराकडे बहुतेक वेळा ‘किती प्रमाणात’ असतं. ज्याच्या आजोबांनी १० जुलै १९४० ची ती बैठक चालवली, त्याने विशीबद्दल हे लिहिताना स्वतःला सूट दिली नाही.

दुसरं, जॉर्ज माँदेल. हा उजव्या विचारांचा माणूस, पंतप्रधान क्लेमाँसो यांचा उजवा हात. १९१७ च्या क्लेमाँसो सरकारात आजोबा ज्यूल आणि माँदेल एकत्र काम करत होते. टपाल-तार मंत्री असताना १९३५ मध्ये माँदेल यांनी फ्रान्सचं पहिलं अधिकृत दूरचित्र प्रक्षेपण घडवलं. पुढे नाझींनी त्यांना बुखेनवाल्डजवळ कैदेत ठेवलं, समाजवादी नेते लेओं ब्लूम यांच्यासोबत एकाच घरात. जुलै १९४४ मध्ये विशी राजवटीच्या मिलीस या निमलष्करी दलाने फोंतेनब्लोच्या जंगलात त्यांना गोळ्या घातल्या. जानने १९९१ मध्ये, मंत्री झाले त्याच वर्षी, या उजव्या माणसाचं चरित्र प्रसिद्ध करत होते आणि ते आदराने लिहिलेलं आहे. नंतर त्या कैदेतल्या दोघांवर त्यांनी एक नाटकही लिहिलं. डावा आणि उजवा, एका खोलीत, दोघांनाही माहीत की आपल्यातल्या कोणालातरी बाहेर नेणार आहेत. पक्षाच्या चौकटीत मावणारा लेखक हा विषय निवडणार नाही.

---

पाथरवट

माँदेलबद्दल ठाऊक नव्हतं, आभार. यात ‘ल माँद’वरच्या पुस्तकाची भर घालतो. १९७९ मध्ये जानने आणि जाक ज्युलियार यांनी त्या दैनिकाचे संस्थापक बव-मेरी यांच्यावर लिहिलं. बव-मेरी पूर्वी ‘ल ताँ’चे प्रागमधले बातमीदार होते. १९३८ मध्ये हिटलरशी झालेल्या म्युनिक करारानंतर पेपरची भूमिका न पटल्याने ते बाहेर पडले. जर्मन ताब्यातून फ्रान्स मुक्त झाल्यावर ‘ल ताँ’ बंद झालं आणि डिसेंबर १९४४ मध्ये त्याच इमारतीत, त्याच छापखान्यावर ‘ल माँद’ उभं राहिलं. म्हणजे वेंदेलच्या पैशाने घेतलेल्या पेपरची जागा, पैशाला दाराबाहेर ठेवू पाहणाऱ्या माणसाकडे आली. जानने यांनी या दोन्ही टोकांवर तीन वर्षांच्या अंतराने लिहिलं. दोन्ही पुस्तकं पाठोपाठ वाचा.

---

अनघा_को

ज्यांना फ्रेंच येत नाही त्यांनी काय वाचावं?

---

नीलमोहर

गूगलवरच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर शिकागो विद्यापीठाने काढलेलं आहे. लहान आहे, एका बैठकीत होतं, आणि त्यातली कंपनीची माहिती जुनी झाली असली तरी क्रमाबद्दलचं प्रकरण आजच्या चॅटबॉटच्या काळात नव्याने वाचण्यासारखं आहे. तिथे तर पहिली दहा उत्तरंही उरली नाहीत, एकच येतं. वेंदेलचं पुस्तक मात्र फ्रेंचमध्येच वाचावं लागेल. त्यातल्या १९२५ च्या प्रकरणाचा मराठी सारांश मी करायला घेतला आहे. बँकेच्या संचालकांची रचना, ताळेबंद, सिनेटमधलं मतदान सगळं सविस्तर लिहीन. पाथरवट, मक्त्याच्या पानावर तुम्ही स्वतंत्र धागा काढाच, मी त्याचा दुवा सारांशात देईन.

---

जुना ग्रंथपाल

सारांश जरूर टाका. तालिकेसाठी विषयशब्द मी सुचवतो: ‘बँक ऑफ फ्रान्स’, ‘वृत्तपत्रांची मालकी’, ‘एर्यो’, ‘वेंदेल’. देवनागरीत आणि एकाच पद्धतीने लिहा, म्हणजे पुढे कोणी शोधलं तर मिळेल.